प्रकरण नऊ : मागच्या दोन पायांवर

आत्याचं प्लास्टर निघालं बुधवारी, आणि रविवारी सकाळी खुर्च्यांच्या कारखान्यावरच्या मोठ्या खोलीत सगळं घर जमलं, ते तिच्या मनगटाचं काय करायचं हे ठरवायला. मनगट आत्याचं, मोडलं आत्याचं, दुखत होतं आत्याला. ठरवणार मात्र सगळे. या घरात ही रीत जुनीच. आत्याचं लग्न करायचं की नाही हेसुद्धा असंच सगळ्यांनी मिळून ठरवायला घेतलं होतं, आणि ठरेपर्यंत ती चाळिशीला पोचली होती. तेव्हा आत्या खिडकीजवळच्या आपल्या जागी बसली, उजवा हात उशीवर ठेवला, आणि म्हणाली की आधी चहा येऊ द्या, मग काय तो न्याय करा.

झालं होतं असं. सात आठवड्यांपूर्वी आत्या चष्मा बदलायला चौकातल्या दुकानात गेली. दुकान नवं कोरं, चकचकीत. भिंतभर आरसे, आणि आरशांसमोर ओळीने सहा खुर्च्या, पांढऱ्या, काड्यांसारख्या पायांच्या. चष्मेवाल्याने बसा म्हटलं आणि तो मागचा खण उघडायला वळला. एखादं साधं माणूस असतं तर बसलं असतं. पण आत्या पडली तात्यांची मुलगी.

तात्या म्हणजे ज्यांनी हा कारखाना काढला ते, आत्याचे आणि भाऊचे वडील. त्यांचा एक नियम होता: परक्या खुर्चीवर बसायचं तर आधी तिला विचारायचं. विचारायचं म्हणजे काय, तर अलगद टेकायचं, दोन्ही हातांनी बैठकीच्या कडा धरायच्या, भार पाठीवर टाकून पुढचे पाय बोटभर उचलायचे आणि कान द्यायचा. मागच्या दोन पायांवर खुर्ची गप्प राहिली तर सांधा चांगला. कुरकुरली तर मुकाट्याने उठायचं. न विचारता बसणाऱ्या पोराला तात्या त्या दिवशी उभ्याने जेवायला लावत. तात्या जाऊन किती वर्षं झाली, पण ही खोड काही घरातून गेली नाही. दवाखान्यात तेच, बँकेत तेच. भाऊच्या धाकट्या मुलीच्या लग्नात तर पहिल्या रांगेतली वीस-बावीस माणसं एकाच वेळी मागे कलली, आणि मुलाकडच्यांना वाटलं, या लोकांत असा काही विधी असणार. जावयाच्या आईने मनोभावे तसं करूनही पाहिलं होतं.

तर आत्याने विचारलं. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. कट्कन वाजलं आणि मागचा पाय निघूनच गेला. चष्मेवाला धावत आला तेव्हा आत्या फरशीवर आडवी होती, उजवा हात अंगाखाली, आणि डाव्या हातात तो तुटलेला पाय धरून ती त्याचं टोक बघत होती. "खाच नाही, सरसाचा थेंब नाही," ती त्याला म्हणाली, "नुसत्या दोन खिळ्यांवर उभी केलीय हो." दुखायला लागलं ते त्यानंतर. बिचाऱ्याने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, त्या दिवसाचं बिल भरलं, दुसऱ्या दिवशी फळं पाठवली. माणूस वाईट नव्हता. खुर्च्या वाईट होत्या.

आता न्यायसभा भरली होती. मध्यभागी भाऊ, आत्यापेक्षा चार वर्षांनी लहान, कारखान्याचा मालक आणि स्वतःच्या रागाचा नोकर. त्याच्या शेजारी त्याची बायको, आत्याची भावजय, जिने चाळीस वर्षं या घरातली भांडणं भांड्यांपेक्षा जास्त घासली होती. मग थोरला मुलगा, जो हल्ली ऑर्डरी बघत असे आणि गेल्या वर्षीच्या नव्या करवतीच्या वादानंतर बापाशी जपून बोलत असे. आणि धाकटी मुलगी, आपल्या वकील नवऱ्याला घेऊन आलेली. हे जावईबापू सनद मिळवून तीन वर्षं झालेले, गोरेगोमटे, उत्साही, काखेत कोरी फाइल. सासरच्या माणसाचा खटला मिळणार म्हणून त्यांनी रविवार असूनही इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत्याला त्या शर्टाचं मनातून फार कौतुक वाटलं.

भाऊने तोंड उघडलं ते दावा लावायचा या एकाच गोष्टीसाठी. खुर्ची विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, खिळे ठोकणाऱ्याला, सगळ्यांना कोर्टात उभं करायचं, असं त्याचं म्हणणं. खिळ्यांचं नाव काढलं की त्याचा आवाज चढे. बहिणीचा हात मोडला याचा राग जास्त की खुर्ची खिळ्यांवर होती याचा, हे सांगणं कठीण होतं. थोरल्याने लगेच बापाला दुजोरा दिला, वर्षभरात पहिल्यांदाच. त्याच्या मनात कारखान्यामागे लाकूड सुकवायची खोली कधीपासून होती, आणि दाव्याच्या पैशात आत्याने थोडा हातभार लावला तर, असं तो म्हणूनही गेला. बाजारात तुरी आणि हा डाळ शिजवायला निघालाय, असं त्याची आई पुटपुटली.

भावजय दाव्याच्या साफ विरुद्ध होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ती म्हणाली, आणि मग जावयाकडे लक्ष जाऊन गोरीमोरी झाली. जावईबापू हसले. शहाणे चढत नाहीत म्हणूनच आमचं थोडं कमी चालतं, असं त्यांनी सांगितलं, आणि सगळे हसले. आत्याही हसली. हसताना हात हलला आणि मनगटात कळ गेली, पण ती कोणाला कळू दिली नाही.

मग जावईबापूंनी फाइल उघडली आणि आवाजात जरा कोर्ट आणलं. दुकानात आलेल्या माणसाला बसायला द्यायचं तर ते बसण्याजोगं असायला हवं, ही दुकानदाराची जबाबदारी. हाड मोडल्याचं दवाखान्यात नोंदलेलं आहे. कारखान्यातल्या खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणायचं आत्यांचं काम सात आठवडे बुडालं आहे. बाजू चांगली आहे. आता फक्त घटना जशी घडली तशी लिहून घेऊ.

"आत्या, तुम्ही खुर्चीवर नेमक्या कशा बसलात, ते एकदा सांगा," ते म्हणाले.

"कशी म्हणजे? आपण बसतो तशी."

जावईबापूंची पेन्सिल कागदावर तशीच राहिली. घरातल्या प्रत्येकाला आपण बसतो तशी म्हणजे कशी हे चांगलं माहीत होतं, आणि ते घराबाहेर सांगितलं तर कसं ऐकू येईल हे आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लग्नाच्या हॉलमधली ती पहिली रांग जावईबापूंच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असावी, कारण त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यांनी सावकाश, कोणाला वाईट वाटू नये अशा बेताने समजावलं. समोरचा वकील विचारणार, बाई, खुर्चीला पाय किती? चार. तुम्ही किती पायांवर बसलात? दोन. मग तो कोर्टाकडे वळून नुसता हसेल. चूक दोघांची वाटून घेतली जाईल. अर्धी म्हणतील, कदाचित जास्त.

धाकटीने चटकन मार्ग काढला. आत्या साधी बसली असं सांगायचं. बघायला होतं कोण? चष्मेवाल्याची तर पाठ होती. थोरल्याने मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, तो म्हणाला. जावईबापूंनी बायकोकडे असं पाहिलं की तिने पुढचं वाक्य गिळलं. शिवाय, ते म्हणाले, त्या दुकानात भिंतभर आरसे आहेत.

पण खरा स्फोट झाला तो भाऊचा. मघापासून दाव्यासाठी जो सगळ्यांत पुढे होता तोच उठून उभा राहिला.

"माझी बहीण दहा लोकांसमोर सांगणार, की ती खुर्चीला न विचारता बसली? तात्यांची मुलगी? राहू दे तुमचा दावा. मला नको."

"बाबा, विचारलं म्हणूनच पडल्या हो त्या," जावईबापू काकुळतीला येऊन म्हणाले.

"विचारलं म्हणून कळलं! खुर्चीने मागे कललेलं माणूस झेलायलाच हवं. नाही झेललं तर ती खुर्ची नव्हे, शोभेची वस्तू आहे. तसं पाटी लावून सांगायचं होतं."

आत्याला भाऊचा असा अभिमान वाटला की तिने उशीवरचा हात उचलून त्याला बस म्हणून खूण केली. आणि तेवढ्यात भावजय, जी सकाळपासून कोर्टाच्या पायरीला नावं ठेवत होती, तिने वारा फिरवला. ती गेल्या आठवड्यात आत्याचा तयार झालेला चष्मा आणायला त्या दुकानात गेली होती. उरलेल्या पाच खुर्च्या आहेत तशाच आहेत, ती म्हणाली. सहावीच्या जागी कुंडी ठेवलीय. काठी टेकत आलेले एक आजोबा तिच्यासमोर तिथे बसले, आणि ते उठेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. नुसतं सांगून चष्मेवाल्याने ऐकलं नसेल तर कागदावर सांगायला हवं. आणि कागदाला लोक घाबरत असतील तर घाबरवायला हवं.

अशा रीतीने अर्ध्या तासात दावा हवा म्हणणारा नको म्हणू लागला आणि नको म्हणणारी हवा म्हणू लागली. थोरला मधल्यामध्ये बापाचा पक्ष धरावा की आईचा या पेचात बिस्किटं खात राहिला. आत्याला गंमत वाटत होती. सात आठवडे एका हाताने केस विंचरण्यात गेले होते. घर असं भरून बोलतंय हे तिला बरं वाटत होतं. पुढचं बोलणं निघालं नसतं तर तिने कुठेही सही केली असती.

पुढचं बोलणं असं निघालं. जावईबापू म्हणाले, चूक किती ते पुढे बघू, पण नुकसानीचा आकडा हातावर अवलंबून आहे. हात किती निकामी झाला याचा डॉक्टरांचा दाखला लागेल. आणि निकाल लागेपर्यंत आत्यांनी वेताच्या कामाला हात लावलेला बरा नव्हे. कोणी पाहिलं, एखादा फोटो काढला, तर समोरचे म्हणतील, हात तर चालतोय.

"निकाल कधी लागेल?" आत्याने विचारलं.

"दोन वर्षं. तीनही लागतात."

"ती काही अडचण नाही," भाऊ सहज बोलून गेला. "विणकाम ती तसंही आता करणार नाहीये."

आत्याने भाऊकडे पाहिलं. भाऊने बायकोकडे पाहिलं. थोरल्याने रिकामा कप तोंडाला लावला.

"हे कोणी ठरवलं?"

शेवटी भावजयच बोलली, कारण या घरातल्या अवघड गोष्टी सांगायचं काम आपोआप तिच्याकडे येत असे. "वन्सं, जिन्याखाली एक रोल आलाय. यंत्रावर विणलेल्या जाळीचा. वाचनालयाच्या अठरा खुर्च्यांना तो कापून बसवायचाय. तुमच्या कानावर घालायचं मी रोज म्हणत होते."

तो रोल आत्याने पाहिला होता. तपकिरी कागदात गुंडाळलेला, भिंतीला टेकून उभा. तिला वाटलं होतं, पॉलिश कागद असेल.

भाऊ मग गडबडीने बोलू लागला. पंचेचाळीस वर्षं वाकून वाकून काढलीस अक्का, तो म्हणाला, आता पुरे झालं. दाव्याचे पैसे येतील, तुझे तुला राहतील, खिडकीत बसावं, ऊन खावं, आल्या-गेल्याला दोन शब्द सुनवावेत. जाळी काही तुझ्या विणीसारखी नाही, पण चालून जाते. लोकांना कुठे कळतंय. बोलता बोलता त्याचा आवाज ओला झाला. तो मनापासून बोलत होता, आणि तेच वाईट होतं.

आत्याला राग यायला हवा होता. आली ती भीती. ती भीती तशी बुधवारपासूनच होती. प्लास्टर काढताना व्यायामवाल्या बाईने सांगितलं होतं की बोटं जितकी चालवाल तितकी सुटतील, रोज काहीतरी हातात धरा. आत्याने चेंडू धरला, उशीचं टोक धरलं, पण चार दिवसांत वेताची पट्टी काही धरली नव्हती. खाली कारखान्यात गेलीच नव्हती ती. नाही जमलं तर काय, हा विचारच तिला करायचा नव्हता. विणकाम सोडून आपण या घरात कोण, हे तिला कधी शोधावं लागलं नव्हतं. बहीण, आत्या, नणंद ही सगळी नाती लोकांनी दिलेली, वेत तेवढा तिने स्वतः कमावलेला. आणि आता वर बसलेली ही पाच प्रेमळ माणसं तिला चहाच्या कपासकट खिडकीत ठेवून द्यायला निघाली होती.

ती उठली.

"नुकसान किती झालं ते वकिलाला ठाऊक नाही, भाऊला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही," ती म्हणाली. "आधी ते बघू. मग दाव्याचं ठरवू. चला खाली."

जावईबापू दारात अडखळले. वकील म्हणून आपण हे पाहिलेलं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग घरचा माणूस म्हणून बघ, असं त्यांच्या बायकोने सांगितलं आणि फाइल त्यांच्या काखेतून काढून घेतली.

खाली आत्याची जागा जशीच्या तशी होती. मोठ्या दाराशी बाक, बाकाजवळ बादली, भिंतीला वेताच्या पट्ट्यांच्या जुड्या. आणि बाकावर ती खुर्ची, वाचनालयाच्या अठरांपैकी पहिली, जी अर्धी विणून ती चष्म्याच्या दुकानात गेली होती. कोणीतरी तिच्यावर स्वच्छ फडकं घातलं होतं. कोणी, ते आत्याने विचारलं नाही, पण थोरला दुसरीकडे बघत होता.

वेताच्या बैठकीला सहा थर लागतात. दोन उभे, दोन आडवे, आणि शेवटी दोन तिरपे, एकमेकांना छेदून जाणारे. मग जाळीत आठ कोनांची घरं पडतात. चौथा थर अर्ध्यावर राहिला होता. आत्याने सुकलेल्या विणीवर ओलं फडकं फिरवलं, बादलीत पाणी भरून पट्ट्या भिजत टाकायला सांगितल्या, आणि थोड्या वेळाने त्यांतली एक धाकटीने आणून दिली. आत्याने पट्टी उजव्या हाताच्या बोटांत घेतली. बोटं जाड झाल्यासारखी वाटत होती. पट्टी भोकातून वर आली, एका उभ्या पट्टीवरून, दुसरीखालून, पुन्हा वरून. पहिल्या ओळीला जो वेळ लागला तेवढ्यात तिने एरवी चार काढल्या असत्या. भाऊ मागे येरझाऱ्या घालत होता. आत्याने त्याला सांगितलं की एक तर बस, नाही तर बाहेर जा, वारा लागतोय.

दुसरी ओळ आली. तिसरी आली. पाचव्या ओळीला बोटं आपोआप पट्टी शोधू लागली आणि आत्याच्या ते लक्षात आलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने जावईबापूंना बोलावून वेताची चकाकती बाजू कोणती आणि खरखरीत कोणती हे शिकवायला घेतलं. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून बादलीत हात घातला. मग गप्पा सुरू झाल्या. धाकटी म्हणाली, कोर्टातल्या खुर्च्या कशा असतात रे? जावईबापूंनी कबूल केलं की कुरकुरतात, आणि लग्न झाल्यापासून तेही त्यांना विचारूनच बसतात. एकदा न्यायाधीशांनी पाहिलं आणि बरं वाटत नाही का म्हणून चौकशी केली. भाऊ येरझाऱ्या थांबवून पोट धरून हसला. भावजय जेवणाचं काय म्हणून विचारायला आली आणि तीही उलट्या डब्यावर बसली. चौथा थर पुरा झाला तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"आता तिरपी," आत्या म्हणाली, आणि सगळे बाकाजवळ सरकले.

तिरपी पट्टी ही खरी परीक्षा. चार थरांतून वाट काढत जायची, आणि प्रत्येक घरात आधीच्या पट्ट्या तिला धरून ठेवतात. घालणं सोपं, ओढणं अवघड. अंगठा आणि तर्जनी यांत पट्टी पकडून मनगटाने ओढावी लागते, हळू आणि जोरात, दोन्ही एकाच वेळी. आत्याने पट्टी कोपऱ्यातून घातली, चार घरं पार केली, आणि ओढली. अंगठा उघडला. पट्टी जागची हलली नाही. तिने पुन्हा पकडली. पुन्हा अंगठा उघडला, जणू तो तिचा नव्हताच. तिसऱ्यांदा तिने दात आवळून ओढलं, मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली, आणि पट्टी बोटभर सरकून अडकली. डाव्या हाताने ओढावं तर तो चौकट दाबून धरायला हवा होता.

आत्याने हात मांडीवर ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. भाऊने पुढे होऊन काही बोलायला तोंड उघडलं, तशी भावजयीने त्याची बाही धरली.

मग आत्याने नाक ओढलं आणि जावईबापूंना फाइल घ्यायला सांगितली.

"लिहा. उभी येते. आडवी येते. तिरपी येत नाही. पूर्वी येत होती. खुर्चीवर मागच्या दोन पायांवर बसले, कारण आमच्याकडे तसंच बसतात. सांध्यात दोन खिळे होते, ते मी डोळ्यांनी पाहिले. जेवढं गेलं तेवढं मागायचं, तसूभर जास्त नाही. आणि उरलेल्या पाच खुर्च्या आजच्या आज दुकानातून हलवा, हे सगळ्यांत वर लिहा."

जावईबापूंनी लिहून घेतलं. मग प्रामाणिकपणे सांगितलं की असं लिहिलं तर हातात थोडंच पडेल. समोरचे म्हणतील, बाई तर काम करताहेत.

"काम केलं म्हणूनच तर काय येत नाही ते कळलं," आत्या म्हणाली. "तीन वर्षं हात मांडीवर ठेवून बसले तर उभी-आडवीही जाईल. मग तुमच्या दाव्यात मी जिंकेन आणि घरी येऊन काय करू?"

जावईबापूंनी कागद पुन्हा वाचला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. आधी हेच पत्र चष्मेवाल्याला देऊ, ते म्हणाले. मी स्वतः नेऊन देतो. माणूस सरळ दिसतो. एवढ्या खऱ्या कागदाला तो कदाचित कोर्टाशिवायच हो म्हणेल, आणि नाहीच म्हणाला तर मग दावा आहेच, हाच कागद घेऊन. कोर्टाची पायरी पुढे ढकलली गेली यावर भावजय खूश झाली, आणि पत्राच्या वेळी आपण सोबत येणार, त्या आजोबांचं आपण तोंडी सांगणार, असं तिने जाहीर केलं. थोरल्याने सुकवणीच्या खोलीचा विषय काढला नाही. त्याने फक्त विचारलं, अठरा खुर्च्यांचं काय? जाळी बसवायची, की वाचनालयाला थांबा म्हणायचं? त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. त्याला खरोखरच कळत नव्हतं. तिरप्या थरांशिवाय बैठक होत नाही, आणि तिरपा थर या घरात दुसऱ्या कोणाला येत नव्हता.

आत्या अर्धवट अडकलेल्या पट्टीकडे बघत राहिली.

तेव्हा भाऊने एक स्टूल ओढलं आणि तो खुर्चीच्या पलीकडे, तिच्या समोर बसला. तात्यांनी लहानपणीच लाकूड याला आणि वेत तिला असं वाटून दिलं होतं, आणि उभ्या आयुष्यात भाऊने वेताच्या पट्टीला बोट लावलं नव्हतं. तरुणपणी तर तो बायकांचा धंदा म्हणून नाक मुरडायचा. त्याने आपले रंधा मारून मारून राठ झालेले हात पुढे केले.

"टोक इकडे दे, अक्का. तू घाल, मी ओढतो."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टी चार घरांतून पार केली आणि टोक त्याच्या हातात दिलं. भाऊने अशी ओढली की पट्टी तटकन तुटली आणि तो स्टुलासकट मागे कलंडला. धाकटी हसून हसून जमिनीवर बसली. आत्याने दुसरी पट्टी घेतली, तिची चकाकती बाजू वर केली, आणि सावकाश ओढायचं म्हणजे काय ते डाव्या हाताने हवेत करून दाखवलं. भाऊने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ओढली. पट्टी सरसरत आली, चौकटीच्या कडेला पोचली. त्याने विजयी मुद्रेने वर पाहिलं.

आत्याने मोडक्या हाताची तर्जनी विणीवर दाबून बघितली.

"सैल आहे. काढ आणि पुन्हा घे."

आणि ज्याने आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं त्या भाऊने मुकाट्याने पट्टी काढली आणि पुन्हा टोक मागायला हात पुढे केला.